पक्षी थंडीला भिऊन येतात का?

स्थलांतराचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर एक वाक्य हमखास लिहितो : 'उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीपासून बचाव करण्यासाठी पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात.' वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत गुणही मिळवून देते. पण हे वाक्य वहीत उतरवून घेतलेल्या मुलांना जानेवारीतल्या एखाद्या पहाटे नांदूर मध्यमेश्वरला नेले की पंचाईत होते. स्वेटर, मफलर, कानटोपी घालूनही मुलांचे दात वाजत असतात आणि समोर हजारो बदके थंडगार पाण्यात आरामात तरंगत असतात. मग कुणीतरी विचारतेच, "सर, हे थंडीला भिऊन आले ना? मग निफाडला कशाला आले? कोकणात का नाही गेले?"

प्रश्न बिनतोड आहे. नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका हा महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा हिवाळ्यात रोज वर्तमानपत्रांत झळकतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो १.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. थंडी टाळायला निघालेल्या पाहुण्याने मुक्कामासाठी नेमके हेच ठिकाण निवडावे, यात काहीतरी चुकते आहे. काय चुकते आहे, हे शोधण्यासाठी आपण त्या पहाटेच्या फेरीतच थोडे रेंगाळू या.

आधी थंडीचे पाहू. निफाड काही हिमालयात नाही; समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. मग एवढी थंडी का? दिवसा तापलेली जमीन रात्रभर उष्णता आकाशाकडे सोडत असते. आकाशात ढग असले किंवा हवेत भरपूर बाष्प असले तर त्यातली बरीच उष्णता अडवली जाऊन जमिनीकडे परत येते. समुद्राकाठी बाष्प असते, म्हणून कोकणातली रात्र उबदार राहते. सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत, हिवाळ्यातली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. तिथे जमिनीचे पांघरूणच काढून घेतल्यासारखे होते. त्यात उत्तरेकडून थंड वारे येऊन गेले आणि मग वारा पडला, की जमिनीलगतची हवा झपाट्याने गार होते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते. गोदावरीचे खोरे हा असाच सखल, मोकळा भाग.

हे मुलांना सांगण्यापेक्षा मोजायला द्यावे. दोन साधे तापमापक घ्या. एक जमिनीपासून चार बोटे उंचीवर, दुसरा डोक्याइतक्या उंचीवर काठीला बांधा. सूर्य उगवण्यापूर्वी दोन्ही वाचा. वारा नसेल तर खालचा आकडा कमी येतो, बहुधा एक-दोन अंशांनी. 'वर जावे तसे तापमान कमी होते' हे पुस्तकातले विधान त्या वेळी त्या जागी उलटे झालेले असते. तिसरे वाचन पाण्याचे घ्या. पाणी हवेपेक्षा कितीतरी सावकाश थंड होते, त्यामुळे पहाटे ते हवेपेक्षा स्पष्टपणे गरम आढळते. जलाशयावर तरंगणारे धुके त्यामुळेच बनते : उबदार पाण्यातून निघालेली वाफ वरच्या थंड हवेत शिरताच तिचे बारीक थेंब होतात. म्हणजे पाण्यात बसलेली बदके काठावर उभ्या असलेल्या आपल्यापेक्षा गरम जागी आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

पण एवढ्यावर समाधान मानू नये, कारण पाण्याची दुसरी बाजू आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. वीस अंशांच्या हवेत आपण सुखाने बसतो. वीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास बसलो तर काकडून जातो. बदकाच्या शरीराचे तापमान तर चाळीस-एक्केचाळीस अंश, आपल्यापेक्षाही जास्त. शिवाय ते लहान. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो, म्हणून ते लवकर थंड होते. (कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसे.) तरीही ते काकडत नाही.

याचे पहिले कारण पिसे. बाहेरची पिसे कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. त्यांच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, त्यामुळे पिसाचा पृष्ठभाग सलग राहतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावत राहिल्यामुळे त्यांची घडी नीट राहते आणि पाणी आत शिरत नाही. या कौलांच्या खाली असतो मऊ पिसांचा थर. ऊब देते ती खरे तर त्या पिसांत अडकलेली हवा. थंडी वाढली की पक्षी पिसे फुलवतो, हवेचा थर जाड करतो आणि चेंडूसारखा गोल दिसू लागतो. सकाळी विजेच्या तारेवर बसलेली वेडा राघूंची ओळ पाहिली असेल तर हे लगेच पटेल.

हा प्रयोग वर्गात होतो. सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीला कोरडा कापूस गुंडाळा, तिसरीला तेवढाच पण ओला पिळलेला कापूस. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. ओल्या कापसाची बाटली उघड्या बाटलीइतकी किंवा तिच्याहूनही लवकर निवलेली पाहून मुले चकित होतात. हवेची जागा पाण्याने घेतली की पांघरूण निकामी होते, वर बाष्पीभवनाने उष्णता जाते ती वेगळीच. तेल सांडलेल्या समुद्रातले पक्षी का मरतात याचेही उत्तर यातच आहे : तेलाने पिसे चिकटतात, फटी पडतात आणि पाणी आत जाते.

नांदूर मध्यमेश्वरला याला एक मजेदार अपवाद दिसतो. बुंध्यावर किंवा खडकावर पाणकावळे पंख पसरून उन्हाची वाट पाहत बसलेले असतात. त्यांच्या पिसांचा बाहेरचा भाग पाण्याने भिजतो. त्यामुळे हवा निघून जाते, तरंगण्याचा जोर कमी होतो आणि मासे पकडण्यासाठी बुडी मारणे सोपे होते. या सोयीची किंमत म्हणजे बाहेर येऊन पंख वाळवणे. पिसांचा आतला भाग मात्र कोरडाच राहतो, म्हणून पाणकावळा थंडीने मरत नाही.

आता पायांकडे पाहा. पायांना पिसे नाहीत आणि ते तर पाण्यात. इथे निसर्गाने जी योजना केली आहे ती समजावून सांगायला थोडा वेळ लागतो, पण तो द्यावा. बदकाच्या पायात खाली जाणारी रोहिणी आणि वर येणाऱ्या नीला अगदी लगटून असतात. खाली जाणारे रक्त चाळीस अंशांचे, पंज्यातून परत येणारे समजा दहा अंशांचे. शेजारून जाताना गरम रक्त आपली उष्णता थंड रक्ताला देते. पंज्यापर्यंत पोचेतो ते बरेच निवलेले असते आणि वर येणारे रक्त तापत तापत शरीरात शिरते. उष्णता पायात उतरण्याआधीच माघारी फिरवली जाते.

मुले विचारतात, दोन नळ्या शेजारी असल्या की झाले, प्रवाह उलटे कशाला हवेत? फळ्यावर दोन नळ्या काढा. दोन्हीतले पाणी एकाच दिशेने वाहू द्या, एकात चाळीस अंश, दुसऱ्यात दहा. वाहता वाहता दोन्ही पंचविसावर येतील आणि तिथेच थांबतील. फरक उरला नाही की देवाणघेवाण बंद. म्हणजे निम्मीच उष्णता वाचली. आता एक प्रवाह उलटा करा. थंड पाणी जसजसे तापत पुढे जाते तसतसे त्याला समोरून आणखी गरम पाणी भेटत राहते. फरक कुठेच पूर्ण मिटत नाही, म्हणून देवाणघेवाण सर्व लांबीभर चालू राहते आणि वर येणारे पाणी चाळीसच्या जवळ पोचू शकते. कारखान्यांतली उष्णता-विनिमय यंत्रे याच तत्त्वावर असतात. पंजा थंड राहिल्याने बदकाचे अडतही नाही. पाय हलवणारे मोठे स्नायू वर, पिसांच्या उबेत असतात. खाली मुख्यतः हाडे आणि कंडरा. बगळे आणि बदके एक पाय पोटाशी घेऊन उभी राहतात, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात, तेव्हा उघड्या अवयवांतून होणारी गळती ती आणखी कमी करत असतात. रोहिताच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, एका पायावर उभे राहण्याबद्दल २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. मृत पक्ष्यांच्या पायांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की एका पायावरची त्याची ठेवण स्नायूंच्या जोराशिवायही टिकते. तेव्हा ऊब आणि आराम दोन्ही साधत असावेत.

इतकी तयारी असलेला पक्षी थंडीला भिऊन दोन-तीन हजार किलोमीटर उडेल, हे आता मुलांनाही पटत नाही. पुरावा हवा असेल तर कॅनडातला एक जुना प्रयोग सांगावा. एडमंटन येथे विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने १९२४ पासून जुंको नावाच्या, आपल्या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर काम केले. दक्षिणेकडे निघालेले जुंको पकडून त्याने बाहेर, उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. तिथली हिवाळी रात्र म्हणजे शून्याच्या कितीतरी खाली. पण दाणापाणी मिळत राहिले आणि पक्षी तगले. त्यातल्या काहींना त्याने संध्याकाळी विजेच्या दिव्यांचा जादा उजेड दिला, रोज थोडा थोडा वाढवत. भर हिवाळ्यात, गोठवणाऱ्या थंडीत, या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावी तशी वाढली. पक्ष्याचे पंचांग थर्मामीटरवर चालत नाही, दिवसाच्या लांबीवर चालते, हे त्यातून दिसले. आणि पोटात अन्न असेल तर पिसांचा कोट भयंकर थंडीलाही पुरतो, हेही.

म्हणजे खरे कारण पोट. आपल्याकडे येणारा पट्टकादंब हा हंसकुळातला पक्षी घ्या. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. तिबेट, मंगोलिया आणि आपल्या लडाखमधल्या उंचावरच्या तळ्यांकाठी तो वीण करतो. हिवाळ्यात ही तळी गोठतात, काठचे गवत बर्फाखाली जाते. दिवस लहान, म्हणजे चरायला वेळही कमी. थंडीत शरीर तापते ठेवायला जास्त इंधन हवे आणि नेमके तेव्हाच इंधनाचे कोठार कुलूपबंद. लडाखमध्येच मॅगपाय हा पक्षी मात्र भर हिवाळ्यात गावांतून हिंडताना दिसतो. तो काहीही खातो आणि माणसांच्या आसपास त्याला काही ना काही मिळते. थंडी दोघांनाही सारखीच, फरक फक्त ताटाचा.

पट्टकादंब हिमालय ओलांडतो, हे सर्वांना ठाऊक असते. तो एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतो असेही उत्साहाने सांगितले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९१ पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवून त्यांचा माग काढला होता. त्यात सर्वाधिक उंची ७,२९० मीटर नोंदली गेली आणि ६,००० मीटरच्या वर हे पक्षी क्वचितच गेले. ते खिंडी आणि दऱ्या धरून जातात. यात त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि तिथे पंख मारत राहायचे असते. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट पकडते, हे त्यामागचे एक कारण.

आता कोकण की निफाड या प्रश्नाचे उत्तर देता येते. कोकणातही पक्षी जातातच. ठाण्याची खाडी रोहितांसाठी प्रसिद्ध आहे. पण चिखल चाळणाऱ्याला खाडी, तर गवत-धान्य चरणाऱ्या पट्टकादंबाला आणि बदकांना गोड्या, उथळ पाण्याचे तळे आणि भोवती शेते हवीत. नांदूर मध्यमेश्वरला ते आयते मिळाले, आणि मिळाले ते माणसाच्या हातून. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला गेला. गेल्या शंभर वर्षांत दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणलोट उथळ झाला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ही साठवणक्षमता घटली. पक्ष्यांच्या हिशेबात ताट वाढले गेले. १९८६ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले. 'महाराष्ट्राचे भरतपूर' हे त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ म्हणून घोषित झाले. (रामसर हे इराणमधले गाव, तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला.)

उथळपणाचे महत्त्व दुर्बिणीतून पाहताना उलगडते. अगदी काठाला, ओल्या चिखलात तुतवार आणि धोबी किडे टिपत असतात. त्यांच्या पुढे, वीतभर पाण्यात, लालभडक लांब पायांचे शेकाटे. चमचे आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतात. आणखी आत थापट्या बदके फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळून घेतात. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. चक्रांग हे लहान बदक बुडी न मारता फक्त मान बुडवते, त्यामुळे त्याला उथळ पाणीच लागते. तलवार बदकाची मान लांब, ते शेपूट वर करून उलटे होते आणि जरा खोलवरचे खाते. लालसरी आणि शेंडी बदक सरळ बुडी मारतात, त्यांना खोल पाणी चालते. पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी सगळीकडेच गर्दी करतात. मुलांना पक्ष्यांची नावे पाठ करायला लावण्यापेक्षा प्रत्येकाच्या पायाखाली पाणी किती आहे याचा अंदाज करायला सांगावे. पाय, मान आणि चोच यांची लांबी आपोआप लक्षात राहते, आणि नावेही.

याच निरीक्षणातून या जागेचा खरा प्रश्न दिसतो. पाण्याची पातळी हातभर वाढली तर चिखलाचा पट्टा बुडतो आणि तुतवार-शेकाट्यांचे ताट जाते. चक्रांगाची मान तळापर्यंत पोचत नाही. हातभर घटली तर उथळ भाग उघडे पडतात आणि बदकांना उठावे लागते. ही पातळी पक्षी पाहून ठरत नाही. वरच्या गंगापूर, दारणा वगैरे धरणांतून आवर्तन सुटले की इथे पाणी चढते, इथून कालव्यांत सोडले की उतरते, आणि त्या पाण्याची वाट खाली कोपरगाव-वैजापूरकडचे शेतकरी पाहत असतात. त्यांचा हक्क नाकारून पक्षी वाचवा असे शाळेत बसून म्हणणे सोपे आहे; आम्हाला ते योग्य वाटत नाही. पण पाणी एका दमात न चढवता-उतरवता हळूहळू चढ-उतार करणे, निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हे मागणे अवास्तव म्हणता येणार नाही. दुसरी अडचण नाशिक शहराचे सांडपाणी. त्यातल्या खतावर पानवेली पोसते, तिचा गालिचा उघडे पाणी झाकून टाकतो आणि खाली उजेड व प्राणवायू पोचत नाही. वरून हिरवेगार दिसते म्हणून मुलांना ते छान वाटते. त्यांना गालिच्यावर किती बदके दिसतात आणि उघड्या पाण्यावर किती, हे मोजायला सांगावे.

शेजारच्या शेतकऱ्यांचीही बाजू ऐकावी. पट्टकादंब रात्री-पहाटे शेतात उतरून कोवळे पीक खातात. द्राक्षबागायतदार तर थंडीनेच धास्तावलेला असतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटलेल्या, ठिबक चालू केलेले दिसते. ओली जमीन कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठवते आणि खालची ऊब वर आणते, म्हणून पाणी देण्यात तथ्य आहे. एका शेतकऱ्याने आमच्या मुलांना सांगितले, "पोरांनो, तुमच्या बदकाला कोट हाय, माझ्या घडाला न्हाई." उष्णतेच्या पाठाला याहून चांगली प्रस्तावना आम्हाला सुचली नसती.

फेरीची व्यवस्था थोडक्यात. खाणगाव थडी आणि चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. उजाडण्यापूर्वी पोचावे, कारण चरायला गेलेले थवे तेव्हा परततात आणि पुढे बदके बराच वेळ झोपूनच काढतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी. कपडे मातकट रंगाचे, चपलांऐवजी बूट, दहा मुलांमागे निदान एक दुर्बीण. ८ × ४० ची दुर्बीण बरी : आठ पट मोठे दिसते आणि भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र उजळ येते. जास्त पटीची दुर्बीण थंडीने थरथरणाऱ्या हातात नुसती हलते.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. शाळांना त्याच सुमारास आपापल्या तळ्यावर मोजणी करता येते. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजावेत, त्यांनी दुर्बिणीच्या वर्तुळात किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवावे, मग तसे किती तुकडे होतात ते पाहावे. दोन मुलांनी वेगवेगळे मोजून आकडे न सांगता लिहावेत. पहिल्या वेळी एकाचे चारशे आणि दुसऱ्याचे नऊशे येतात. वर्गात मूठभर हरभरे फरशीवर पसरून चार दिवस सराव केला की फरक बराच कमी होतो. आकड्यासोबत तारीख, वेळ, हवेचे व पाण्याचे तापमान आणि काठाला रोवलेल्या खुणेच्या काठीवर पाणी कुठवर आहे, एवढे लिहून ठेवावे. काठीवर खुणा रंगाने कराव्यात. खडूने केलेल्या दवाने पुसून जातात.